जग फिके कुठे पडते?

१. म्हण आणि तिच्यातली गफलत

नैराश्याने ग्रासलेला माणूस जेव्हा ‘सगळे फिके फिके दिसते’ असे म्हणतो, तेव्हा कशातच राम उरलेला नाही एवढेच त्याला सांगायचे असते, की त्याच्या डोळ्यांपुढचे रंग, उजेड आणि आकार खरोखरीच बदललेले असतात, हा प्रश्न त्याच्या घरच्यांना हमखास पडतो. मराठीत याचे उत्तर तयार आहे: कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते. म्हण म्हणून हे चोख असले, तरी वैद्यक म्हणून लंगडे आहे. कारण काविळीत पिवळा पडतो तो डोळ्याचा पांढरा भाग, आणि तो पिवळा दिसतो समोरच्याला, रुग्णाला भिंत पांढरीच दिसते. वस्तू पिवळसर दिसण्याचा अनुभव खराखुरा येऊ शकतो तो डिजिटॅलिस या हृदयविकारावरच्या जुन्या औषधाची मात्रा जास्त झाल्यावर. म्हणीने आजार बरोबर ओळखला, पण त्याची जागा चुकवली. आणि या प्रकरणाचा सगळा विषय जागेचाच आहे. दिसण्यात फरक पडतो हे मान्य केले, तर तो डोळ्यात पडतो, मेंदूत पडतो, की केवळ बोलण्यात?

त्यासाठी दोन शब्द आधी वेगळे करावे लागतात. डोळ्यावर पडलेल्या उजेडाची जी कच्ची नोंद होते तिला मानसशास्त्रात ‘वेदन’ म्हणतात, आणि त्या नोंदीचा मेंदूने लावलेला अर्थ म्हणजे ‘संवेदन’. वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीदार आणि संपादक यांचे जे नाते असते, तेच या दोहोंचे आहे. बातमीदाराने पाठवलेला सगळा मजकूर कधीच छापला जात नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उजेड टिपणाऱ्या सुमारे साडेबारा कोटी पेशी असतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे शंभर ओळींची बातमी डोळ्यातच एका ओळीवर येते. उरलेली पोकळी संपादक आपल्या अनुभवाने भरून काढतो, आणि पुष्कळदा तर मथळा आधी ठरवून बातमीची वाट पाहतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच यालाच नकळत काढलेले अनुमान म्हटले होते.

भारतात मनाकडे प्रयोगशाळेतून पाहण्याची सुरुवात कोलकात्यात झाली. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, त्याची सूत्रे हार्वर्डहून शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे होती, आणि तिथेच शिकून पुढे तिथेच शिकवू लागलेले डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. पार्शीबागान गल्लीतल्या आपल्या घरून बोस फ्रॉइडशी पत्रव्यवहार करीत. त्या पत्रव्यवहारातला एक प्रसंग संपादकाची करामत दाखवायला फार उपयोगी आहे. गिरींद्रशेखरांचे चित्रकार मित्र जतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइडला कधी पाहिलेले नसताना केवळ त्याच्या लेखनावरून त्याचे एक कल्पनाचित्र काढले आणि ते व्हिएन्नाला पाठवले गेले. फ्रॉइडला ते आवडले, पण भारतीय चाहत्याने आपल्याला अगदी इंग्रज साहेब करून टाकले आहे, अशी त्याने खासगीत थट्टाही केली. कोलकात्यातल्या माणसाने जे युरोपीय चेहरे उभ्या आयुष्यात पाहिले ते बहुतेक इंग्रजांचेच होते; बातमी अपुरी पडली तेव्हा संपादकाने जुन्या फायलीतला फोटो लावून दिला. निरोगी मेंदूही हेच करतो, फक्त दिवसभर आणि इतक्या सफाईने की कुणाच्या लक्षात येत नाही.

२. उठाव म्हणजे काय

फिकेपणा मोजायचा तर ‘उठाव’ ही कल्पना समजून घ्यावी लागते. एखादी साडी ‘उठून दिसते’ असे म्हणतात तेव्हा तिचा रंग गडद आहे एवढेच अभिप्रेत नसते, तिच्यात आणि मागच्या भिंतीत फरक ठळक आहे हे अभिप्रेत असते. डोळ्याला उजेडाच्या एकूण प्रमाणाशी फारसे देणेघेणे नसते. त्याला शेजारशेजारच्या दोन जागांमधला फरक हवा असतो.

हावडा पुलाचे उदाहरण घेता येईल. स्वच्छ सकाळी पुलाच्या काळपट पोलादाकडून २० एकके उजेड डोळ्यात येतो आणि मागच्या आकाशाकडून ८० एकके, असे समजू. (आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.) दोहोंतला फरक ६०, बेरीज १००, फरकाला बेरजेने भागले की उठाव ०.६ निघतो. आता डिसेंबरातली, हुगळीवर धुके आणि धूर एकत्र साचलेली सकाळ घेऊ. धुके स्वतःचा पांढुरका उजेड दोन्हींत सारखाच मिसळते. तो १०० एकके धरला तर पूल १२० आणि आकाश १८० होते. फरक अजूनही ६० च आहे, पण बेरीज ३०० झाल्यामुळे उठाव ०.२ वर येतो. डोळ्यात शिरणारा उजेड वाढला आणि पूल मात्र पुसट झाला. फिके दिसणे म्हणजे अंधारणे नव्हे, हे यातून ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण नैराश्याचे रुग्णही बहुधा ‘काळोख’ न म्हणता ‘धुरकट’, ‘काचेआडचे’, ‘जुन्या फोटोसारखे’ असे शब्द वापरतात.

फरक इतकाच की रुग्णाच्या बाबतीत धुके बाहेर नसते. तिथे बदलते ती यंत्राची कळ. रेडिओवर स्टेशन तेच, गाणे तेच, पण आवाजाची कळ मागे फिरवलेली असावी, तसे बाहेरचा उठाव वाढत गेला तरी आतला संदेश त्या प्रमाणात वाढत नाही.

३. दृष्टिपटलावरचे मोजमाप

ही कळ खरोखर मागे फिरते का, हे रुग्णाला न विचारता तपासण्याची एक रीत जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथील संशोधकांनी वापरली. रुग्णाला विचारण्यात अडचण अशी असते की नैराश्यात माणसाचा उत्साहच संपलेला असतो, आणि ‘दिसले का?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणाला तर ते दिसले नाही म्हणून की बोलण्याचा कंटाळा आला म्हणून, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून त्यांनी थेट दृष्टिपटलाचीच वीज मोजली. हृदयाचा आलेख काढताना छातीवर तारा लावतात, तशी इथे डोळ्याजवळ एक बारीक तार बसवतात आणि समोरच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन दर क्षणाला जागा बदलत राहतात. चौकोनांतला उठाव थोडाथोडा वाढवत नेला की दृष्टिपटलाचा विद्युत-प्रतिसादही वाढतो. किती वाढीला किती प्रतिसाद, हे गुणोत्तर म्हणजेच वर सांगितलेली कळ.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४० रुग्ण आणि ४० निरोगी व्यक्ती होत्या. रुग्णांचा प्रतिसाद स्पष्टपणे कमी निघाला, औषध घेणाऱ्यांचाही आणि न घेणाऱ्यांचाही, आणि नैराश्य जितके तीव्र तितका तो अधिक खाली गेलेला आढळला. दोन वर्षांनी त्याच गटाने उपचारांनंतर पुन्हा मोजणी केली, तेव्हा ज्यांचा आजार उतरला त्यांची कळ पूर्ववत झालेली दिसली. याचे संभाव्य कारण डोपामिन या रसायनात शोधले जाते. मेंदूत उमेद आणि गोडी यांच्याशी जोडलेले हेच रसायन दृष्टिपटलातल्या काही पेशीही स्रवतात आणि तिथे ते उठावाला धार लावण्याचे काम करते. गर्भावस्थेत दृष्टिपटल हे मेंदूच्याच एका कोंबातून तयार होते हे लक्षात घेतले, तर मेंदूतला दुष्काळ तिथवर पोहोचावा यात नवल नाही. कंपवातात तर डोपामिनची कमतरता निर्विवाद असते, आणि त्या रुग्णांनाही कमी उठावाच्या वस्तू, उदाहरणार्थ राखी फरशीवरची राखी पायरी, ओळखणे जड जाते.

मात्र यावरून डोळ्याला तार लावून नैराश्याचे निदान होऊ लागले असे समजू नये. गटाच्या सरासरीतला फरक आणि समोर बसलेल्या एका माणसाविषयीचा निर्णय यांत मोठे अंतर असते, आणि निदान आजही माणसाशी बोलूनच होते.

४. एक मागे घेतलेला निबंध

या विषयावर वर्तमानपत्रे विशेष लुब्ध असतात, म्हणून एक फसलेला प्रयोगही सांगणे भाग आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी १२७ विद्यार्थ्यांपैकी काहींना ‘लायन किंग’ या चित्रपटातला पित्याच्या मृत्यूचा प्रसंग दाखवला, काहींना विनोदी कार्यक्रम दाखवला, आणि नंतर फिक्या केलेल्या रंगांच्या पट्ट्या ओळखायला सांगितल्या. दुःखी झालेल्यांना निळा-पिवळा या जोडीतले रंग ओळखणे जड गेले, लाल-हिरव्या जोडीत मात्र फरक आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला. काही महिन्यांतच लेखकांनी स्वतः तो निबंध मागे घेतला.

चूक समजायला सोपी आहे. एका विद्यार्थ्याला ३५ गुण मिळाले म्हणून तो उत्तीर्ण आणि दुसऱ्याला ३४ म्हणून तो अनुत्तीर्ण. पण एवढ्यावरून पहिला दुसऱ्यापेक्षा हुशार असे म्हणता येत नाही, त्यासाठी ३५ आणि ३४ यांचीच तुलना करावी लागते. संशोधकांनी एका रंगजोडीचा निकाल ‘उत्तीर्ण’ आणि दुसरीचा ‘अनुत्तीर्ण’ एवढेच पाहिले होते; दोहोंची आपापसांत तुलना केली तेव्हा फरक उरला नाही. शिवाय चित्रपट पाहून आलेले दहा मिनिटांचे हुंदके आणि महिनोन्‌महिने चालणारे नैराश्य हे एकच मानणे, हा मूळ आराखड्यातलाच उतावीळपणा होता. निबंध मागे घेतला गेला, बातम्या मात्र कुणी मागे घेतल्या नाहीत, आणि ‘दुःखी माणसाला निळा रंग दिसत नाही’ हे वाक्य अजूनही फिरताना आढळते.

५. शेजाऱ्याचा धाक

डोळ्यातून निघालेला संदेश डोक्याच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्रात पोहोचतो, आणि तिथे एक निराळाच कारभार चालतो. तिथली प्रत्येक चेतापेशी दृश्याच्या एका छोट्याशा तुकड्यावर नजर ठेवते आणि शेजारणीने तोच मजकूर सांगायला सुरुवात केली की तिला दटावते. एकच बातमी दहा जणींनी ओरडून सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून ही दटावणी काटकसरीची आहे. ती मुख्यतः गाबा नावाच्या शामक रसायनामार्फत होते. तिचा परिणाम म्हणून भडक नक्षीच्या मधोमध ठेवलेली मध्यम नक्षी आहे त्यापेक्षा मवाळ दिसते, आणि फार मोठ्या ठळक पट्ट्यांची सरकण्याची दिशा लहान पट्ट्यांपेक्षा उशिरा उमगते.

नैराश्याच्या आजारात मेंदूतले गाबा कमी आढळते, अशी नोंद अनेक अभ्यासांत आहे. मग दटावणीही सैल पडली पाहिजे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे तपासले, आणि ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले होते अशा व्यक्तींना मोठ्या ठळक पट्ट्यांची दिशा इतरांपेक्षा लवकर कळते असे आढळले. आजाराने नजर अधू होण्याऐवजी या एका बाबतीत तेज झाली होती. २०२१ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी नैराश्याचा झटका चालू असलेल्या रुग्णांना असेच दृष्टिभ्रम दाखवले, तेव्हा उजेडाच्या बाबतीत ते इतरांइतकेच फसले, पण उठावाच्या बाबतीत कमी फसले.

फ्रायबुर्गचा निष्कर्ष आणि हा निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात आहेत असे वरवर वाटते. पण पहिला बातमीदाराच्या टेबलावरचा आहे आणि दुसरा संपादकाच्या खोलीतला: दृष्टिपटलातून संदेश क्षीण निघतो आणि पुढे त्याला आवर घालणारेही ढिले पडलेले असतात. ‘नैराश्यात दिसणे कमी होते’ किंवा ‘वाढते’ अशा एका वाक्यात बसवण्यासारखे हे प्रकरण नाही, आणि तसे बसवणाऱ्यांपासून सावध असावे.

चेहऱ्यांच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. नैराश्यातला माणूस कोऱ्या चेहऱ्यात नाराजी वाचतो आणि पुसट हसू त्याच्या नजरेतून निसटते. सुनेने नुसता चहा पुढे केला तरी ‘कपाळाला आठी होती’ असे सासूला वाटत राहते, ते खोटे बोलणे नसते. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे की नैराश्यावरच्या औषधाच्या एकाच मात्रेनंतर काही तासांत माणसे आनंदी चेहरे अधिक सहज ओळखू लागतात, जरी मन हलके व्हायला पुढे काही आठवडे लागत असले तरी. म्हणजे नजर आधी बदलते आणि मन तिच्या मागून येते, असा एक शक्यतेचा धागा यातून मिळतो. त्याच औषधांपैकी काही जुन्या गोळ्यांनी जवळचे अक्षर अंधुक होते, हेही रुग्णाला आधी सांगितलेले बरे, नाहीतर आजार वाढला या समजुतीने तो गोळ्याच सोडून देतो.

६. कुमारटुलीचा साचा

उत्तर कोलकात्यातल्या कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्ती घडवतात. गवताच्या सांगाड्यावर माती थापून अंग तयार होते, पण चेहरा पुष्कळदा साच्यात माती दाबून काढतात. असा रिकामा साचा भिंतीला टेकवून ठेवलेला असेल तर चार पावले मागे सरून, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहावे. साचा खोलगट आहे, नाक आत गेलेले आहे, हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरीही काही क्षणांत नाक बाहेर येते, गाल फुगतात, आणि पाहणारा बाजूला सरकला की देवीचा चेहराही मान वळवून त्याच्याकडे पाहू लागतो. आत गेलेले नाक संपादकाने जन्मात पाहिलेले नसते, त्यामुळे खोलगटपणाची बातमी तो साफ फेटाळून लावतो. ज्ञान असूनही भ्रम जात नाही, ही यातली खरी गंमत.

छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया असलेल्या पुष्कळ रुग्णांना मात्र साचा साचाच दिसतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवर येथे मेंदूची छायाचित्रे घेत हा प्रयोग झाला, तेव्हा निरोगी माणसांत खोलगट चेहरा पाहताना वरच्या केंद्रांकडून दृष्टिकेंद्राकडे जाणारा दाब वाढतो आणि रुग्णांत तो तसा वाढत नाही, असे आढळले. त्याआधी २००५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी भडक नक्षीतल्या मध्यम नक्षीचा भ्रम १५ रुग्णांना दाखवला होता. त्यांपैकी १२ जणांचा अंदाज निरोगी गटातल्या सर्वांत अचूक माणसापेक्षाही अचूक निघाला. ही अचूकता वरदान मानण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्या कचेरीत संपादक बातमी तपासत नाही, तिथे साचा खोलगट छापला जातो, पण पंख्याच्या घरघरीत ऐकू आलेले शब्दही तितक्याच खात्रीने छापले जातात.

याच आजाराविषयी एक चमत्कारिक निरीक्षण आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८० ते २००१ या काळात जन्मलेल्या सुमारे ४ लाख ६८ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या असता १,८७० जणांना स्किझोफ्रेनिया झालेला आढळला, आणि मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या दोषामुळे अंधत्व असलेली ६६ मुले आढळली, पण दोन्ही याद्यांत एकही नाव सामाईक नव्हते. ६६ ही संख्या इतकी लहान आहे की हा योगायोगही असू शकतो. परंतु जो संपादक पहिल्यापासून डोळ्यांच्या बातमीशिवायच वर्तमानपत्र काढायला शिकला, त्याचा कारभार वेगळ्या पायावर बसत असावा, हा तर्क संशोधकांना खुणावतो आहे.

७. अर्धशिशीची तटबंदी

बदलाची जागा मेंदूवर हिशेबाने शोधता आली ते उदाहरण अर्धशिशीचे. तिच्यात डोके ठणकण्याआधी काहींना नजरेच्या मधोमध एक चमचमता ठिपका दिसतो, तो हळूहळू नागमोडी कडेचा चाप होऊन बाहेर सरकतो आणि मागे काही न दिसणारी जागा सोडतो. ती कड जुन्या किल्ल्याच्या कोनाकोनांच्या तटासारखी दिसते म्हणून डॉक्टर तिला ‘तटबंदी’ म्हणतात. कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचा अष्टकोनी नकाशा पाहिलेल्याला ही उपमा लगेच पटेल. १९४१ मध्ये कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच अर्धशिशीतले हे आकार कागदावर उतरवून हिशेब केला: चाप दृष्टिक्षेत्र ओलांडायला सुमारे वीस मिनिटे घेतो, मेंदूतल्या त्या पट्टीची लांबी साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगाने मेंदूवरून सरकत असले पाहिजे. १९४४ साली लेआओ या ब्राझिलच्या संशोधकाला सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच वेगाने पसरणारी विद्युत-मरगळ प्रत्यक्ष सापडली. तिला इंग्रजीत ‘डिप्रेशन’च म्हणतात, पण नैराश्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

८. भास आणि लाल फूल

उरते ते उलट टोक, जिथे मन ठणठणीत असते आणि बातमीदारच गैरहजर असतो. जिनिव्हाच्या शार्ल बोने याने १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकिकत नोंदवली. मोतीबिंदूने नजर गेलेल्या, नव्वदीला टेकलेल्या या गृहस्थांना माणसे, पक्षी, गाड्या स्पष्ट दिसत, आणि हे खोटे आहे हेही त्यांना कळत असे. रिकामी जागा ठेवणे संपादकाला जमत नाही, म्हणून तो जुने छापून काढतो. दृष्टी मंदावलेल्या वृद्धांत हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते त्याविषयी बोलणे, कारण घरचे वेड लागले म्हणतील ही भीती असते.

कोलकात्यातले याहून सौम्य उदाहरण रवींद्रनाथ ठाकुरांचे आहे. साठी उलटल्यावर ते चित्रे काढू लागले, १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन झाले, आणि अखेरपर्यंत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. त्यांतले तपकिरी-काळे, खोल डोळ्यांचे चेहरे पाहून कवीच्या मनातल्या विषादावर पुष्कळ लिहिले गेले. १९१४-१५ च्या सुमारास त्यांना तीव्र औदासीन्याने घेरले होते हे त्यांच्या पत्रांवरून दिसतेही. पण निळे फूल आपल्याला चटकन दिसते आणि लाल तितके नाही, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे निकटवर्तीयांनी टिपून ठेवलेले आहे. १९८७ मध्ये पिकफर्ड आणि बोस यांनी, आणि १९९७ मध्ये केतकी कुशारी डायसन, सुशोभन अधिकारी व सहकाऱ्यांनी ‘रङेर रवींद्रनाथ’ या बंगाली ग्रंथात, या चित्रांचा आणि लेखनातल्या रंगांचा अभ्यास करून लाल उजेड टिपणाऱ्या पेशींचा जन्मजात दोष हे कारण पुढे केले. अशा दोषात लाल रंग नुसता हिरव्याशी मिसळत नाही, तो काळवंडतो. पळसाला बहर आला तरी फांद्यांवर मळकट ठिपके दिसतात. हा दोष पुरुषांत बराच आढळतो, त्याचा मनःस्थितीशी संबंध नसतो, आणि तो ना औषधाने उतरतो ना आनंदाने. त्या चेहऱ्यांच्या काळोखात विषाद किती आणि दृष्टिपटल किती, याचा निवाडा आता होणे नाही. मात्र ज्या प्रेक्षकाने विषाद ऐकून मग चित्र पाहिले, त्याच्या संपादकाने मथळा आधीच लावलेला असतो.